काळ्या फोनवर आलेला नातू

घरात फोन कोणता ठेवायचा, या एवढ्याशा गोष्टीपायी पुढं सगळ्या गल्लीला पेढे खावे लागतील हे नरसिंगरावांना आधी कळलं असतं, तर त्यांनी तो मामला सरळ मुलतवी ठेवला असता. मामला मुलतवी ठेवणं हा त्यांच्या हातचा मळ. सरकारी कचेरीत त्यांची अर्धी नोकरी त्यातच गेली. उरलेली अर्धी झोपेत गेली. (हे त्यांचे साहेब म्हणत. नरसिंगरावांचं म्हणणं असं, की आपण डोळे मिटून विचार करत असू.) झोपेबद्दल त्यांना एकदा लेखी समजही मिळाली होती, आणि ती वाचता वाचताच त्यांना डुलकी लागली असं आदिलाबादेत अजून सांगतात.

रिटायर झाल्यावर मात्र विचार करायला त्यांना मोकळं रान मिळालं. आदिलाबादजवळच्या मावल्याला हमरस्त्यापासून एक गल्ली आत त्यांचं घर. बैठकीच्या खिडकीशी आरामखुर्ची. हिवाळ्यात मार्केटकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या रस्त्यावरून जात आणि त्यांच्यातून सुटलेले पुंजके ऊन खात खात गल्लीत शिरत. एखादा पुंजका खिडकीतून आत येई, खोलीभर रेंगाळे, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी बघून घेई आणि शेवटी नरसिंगरावांच्या मिशीवर टेकत असे. तो कुठं टेकतो हे बघायला नरसिंगराव जागे राहायचं ठरवत. अजूनपर्यंत जमलेलं नव्हतं.

अशा या घरात फोनचा प्रश्न निघाला तो अदितीमुळं. अदिती ही त्यांची एकुलती एक लेक, हैदराबादला नोकरीला, आणि आता पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हा रिवाज सगळ्यांना ठाऊक. तिची आई सुभद्राबाई, तिनं... म्हणजे त्यांनी डिंक आणला, अळीव निवडले, शेकासाठी शेगडी घासूनपुसून ठेवली. आणि लेकीनं कळवलं, की डॉक्टर इथला, दवाखाना इथला, तेव्हा बाळंतपणही इथंच. सुभद्राबाईंनी ती शेगडी उचलून माळ्यावर टाकली, ती इतक्या जोरात की लेकीनं हैदराबादेतून ती ऐकली असावी. कारण दुसऱ्याच दिवशी तिनं तह केला.

"आई, तू आठवडाभर आधी येच. पण बाळाला घाई झाली न तू नसली, तर त्याचं पहिलं रडणं भूषण तुलेच ऐकवल फोनवर. आधी तुले, मग मुधोळले."

मुधोळला अदितीचं सासर. भूषणचे वडील सुधाकरराव तिथं कापूस आणि ज्वारीची शेती करत आणि व्याह्यांपेक्षा एक पाऊल पुढं राहायची त्यांना हौस. 'आधी तुले, मग मुधोळले' हे शब्द सुभद्राबाईंनी पदराच्या गाठीला बांधले. माहेरपण गेलं, शेगडी गेली. आता त्या रडण्यावर त्यांचा जीव होता.

पण रडणं ऐकायचं कशावर? दोघांचेही मोबाइल बटणांचे, आणि त्यांना रेंज मिळे ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर. सुभद्राबाईंचे गुडघे गच्चीच्या जिन्याला केव्हाच रामराम करून बसलेले. घरात होता तो जुना काळा फोन, तारेवरचा. त्याच्यावर माणूस बोलू लागला की ज्वारी पाखडल्यासारखा आवाज येई.

मग इंटरनेटवाल्या कंपनीचा महिपत नावाचा माणूस आला. त्यानं पांढरी डबी दाखवली. डबीला फोन जोडून मिळतो, म्हणाला.

"आवाज कसा येते?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"कानात बसून बोलल्यासारखा, अम्मा."

"आन करेंट गेलं तं?" नरसिंगरावांनी विचारलं.

"करेंट गेलं तं बंद, सार. डबी करेंटवर चालते ना."

"पाहा!" नरसिंगराव विजयी झाले. "आपला काळा करेंट नसला तरी वाजते. इमानी हाय तो."

"वाजते," सुभद्राबाई म्हणाल्या, "पन त्याच्यावर रडलेलं आन हासलेलं सारखंच आयकू येते. मले नातवाचं रडनं आयकायचं हाय, ज्वारी नाई पाखडायची."

दोन्ही बाजू ऐकून घेऊन नरसिंगरावांनी हुकूम दिला. पांढरा मंजूर. काळाही कायम. करेंट असलं तर पांढऱ्यावर, नसलं तर काळ्यावर. नंबर दोन्ही हैदराबादला कळवून टाकायचे. सुभद्राबाई 'बरं' म्हणाल्या. (त्यांचं 'बरं' म्हणजे होकार नसतो, हे इतक्या वर्षांच्या संसारात नरसिंगरावांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण ते 'बरं' ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले होते.)

त्या दिवसापासून आरामखुर्चीच्या उजव्या हाताला पांढरा आणि डाव्या हाताला काळा असा बंदोबस्त झाला. नरसिंगराव मध्ये. चंदाबाई शेजारीण म्हणाली, साहेब पुन्हा कचेरीत बसल्यासारखे दिसतात. नरसिंगरावांनी एकच नियम केला होता, काळ्याचा रिसीव्हर विनाकारण उचलायचा नाही. न जाणो, आपण उचलला आणि त्याच घटकेला हैदराबादचा फोन आला तर एंगेज लागायचा. ते त्याला रोज फडक्यानं पुसत, त्याच्याकडे मायेनं बघत, पण उचलत नसत.

आणि एका दुपारी तो वाजला.

ऊन कोवळं होतं. बाहेरून कापसाची गाडी गेली होती आणि पुंजक्यांची वरात खिडकीतून आत येत होती, ही एवढी, की खोलीत नुसतं पांढरं पांढरं झालं. त्या कापसातून एक पाळणा हलत हलत खाली आला. काळ्या फोनची घंटी वाजली, जुनी, गोड, देवळातल्यासारखी. नरसिंगरावांनी रिसीव्हर उचलला तर त्यात खरखर म्हणून नाही. भूषणचा आवाज आला, "बाबा, मुलगा झाला!" पाठोपाठ खणखणीत रडणं. नरसिंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते 'जय हो' म्हणाले, रिसीव्हर ठेवला, आणि मग डोळे उघडले.

(हा क्रम त्यांच्या तेव्हाच ध्यानात आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

सुभद्राबाई चंदाबाईकडे बाळाची दुपटी शिवायला गेल्या होत्या. त्यांना हाक मारावी असं नरसिंगरावांच्या मनात आलं. पण एवढी मोठी बातमी रिकाम्या हातानं सांगायची? आधी पेढे आणावेत, गल्लीच्या त्या टोकापासून वाटत यावं आणि शेवटचा पेढा सुभद्राबाईंच्या तोंडात घालून मग सांगावं, असं एक देखणं चित्र त्यांना दिसू लागलं. त्याआधी पांढऱ्या फोनवरून त्यांनी मुधोळ लावलं. तेवढा मोह कुणाला सुटतो?

"नमस्कार! आजोबा झाले तुमी!"

"कोन बोलून राह्यलं?"

"दुसरे आजोबा!"

"मले नाई आला पोराचा फोन," सुधाकरराव म्हणाले.

"येईन ना. आधी आमाले, मग तुमाले, असं ठरलंच हाय."

या शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती. पण ते इतकं छान जिभेवर आलं, की नरसिंगरावांनी ते गिळलं नाही.

दौलतच्या दुकानातून पेढे घेऊन ते गल्लीत शिरले तेव्हा ते चालत होते की तरंगत होते हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. प्रत्येक दारात 'नातू झाला' म्हणायचं, पेढा द्यायचा, आशीर्वाद घ्यायचा. असं करत करत ते चंदाबाईच्या ओट्याशी आले.

"वजन किती भरलं, साहेब?" चंदाबाईनं विचारलं.

"दीड किलो."

"आग बाई! येवढंच?"

"कमी पडलं तं अजून आनतो ना. दौलतकडं हाय तयार."

चंदाबाई तोंडाचा आ करून बघत राहिली. तिच्या मागून सुभद्राबाई बाहेर आल्या, हातात सुई, सुईत लाल दोरा. नरसिंगरावांनी ठरल्याप्रमाणं पेढा पुढं केला. सुभद्राबाईंनी तोंड उघडलं नाही.

"रडनं आयकलं तुमी?"

"आयकलं ना! काय आवाज! नवाब असल्यासारखा रडून राह्यला होता."

"मले काऊन नाई बलावलं?"

नरसिंगरावांचा हात पेढ्यासकट हवेतच राहिला. सुभद्राबाई ओट्यावर बसल्या. ज्या दुपट्याला टाके घालत होत्या त्याच दुपट्यानं त्यांनी डोळे पुसले. "इथंच तं होती मी. भिंतीपल्याड. एक हाक मारली असती तं आली असती ना पळत." गुडघे विसरून त्या पळत आल्या असत्या यात शंकाच नव्हती. नरसिंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोनं एक रडणं मागितलं होतं, आणि ते आपण एकट्यानं ऐकून गल्लीत पेढे मिरवत हिंडलो! तो पेढा त्यांना जड वाटू लागला.

तेवढ्यात घरात पांढरा फोन वाजला. सुभद्राबाई उठल्या आणि खरोखरच पळाल्या. पण तो मुधोळचा निघाला. सुधाकररावांचा आवाज पांढऱ्या फोनवर इतका स्वच्छ होता की दारात उभ्या असलेल्या चंदाबाईलाही ऐकू गेला.

"मी आत्ताच हैदराबाद लावलं होतं. फोन सूनबाईनंच उचलला. चिवडा खाऊन राह्यली ती. व्याह्यांले इचारा, नातू चिवड्याच्या आधी झाला का नंतर?"

सुभद्राबाईंनी रिसीव्हर हळूच ठेवला. नवऱ्याकडं पाहिलं. आवाज अगदी शांत होता, आणि तोच तर धोका.

"कोनत्या फोनवर आलता म्हनता तुमी?"

"काळ्या."

"चाला."

त्यांनी नरसिंगरावांचा हात धरला आणि त्यांना परसात नेलं. शेवग्यापासून न्हाणीघराच्या खुंटीपर्यंत एक काळी तार ताणून बांधली होती. तिच्यावर सुभद्राबाईंचं निळं लुगडं, एक चादर आणि खुद्द नरसिंगरावांचे बनियन वाळत होते.

"पांढरा बसवला त्याच दिवशी काळ्याची तार महिपतकडून उतरवून घेतली मी. खांबापासून पार घरापर्यंतची. लय मजबूत हाय, ओली चादर टाकली तरी लवत नाई." त्यांनी बनियन बाजूला सारून तार दाखवली. "याच्यावर आलता का तुमचा फोन?"

नरसिंगरावांनी तारेकडं बघितलं. बनियन वाऱ्यावर हलत होते. इतके दिवस आपण एका वाळवणाच्या दोरीला इमानी म्हणत होतो, तिला रोज पुसत होतो आणि एंगेज लागेल म्हणून जपत होतो. त्यांना हसू आलं, पण ती हसण्याची वेळ नव्हती.

पुढचे दिवस कठीण गेले. गल्लीनं पेढे परत केले नाहीत (खाऊन झाले होते), पण अब्रूही परत केली नाही. दौलत दुकानातून हाक मारून विचारी, "साहेब, आज आलं का काई सपन? खवा आनून ठेवू?" सुधाकररावांनी मुधोळहून निरोप पाठवला, की यापुढं व्याह्यांनी फोन करायचा तर आधी तोंडावर पाणी मारून करावा. आणि सुभद्राबाईंनी कायदाच केला.

"फोन आला का आधी सोताले चिमटा घ्यायचा. दुखलं तं खरं. नाई दुखलं तं झोपून राहायचं. कोनाले काई सांगायचं नाई."

कायदा नरसिंगरावांना मान्य होता. इतका सोपा कायदा त्यांना साऱ्या नोकरीत भेटला नव्हता.

सुभद्राबाईंची हैदराबादची तयारी झाली होती. डिंकाचे लाडू डब्यात भरून झाले होते, तिकीट निघालं होतं. निघायचे दोनच दिवस उरले असताना पुन्हा तशीच दुपार आली. थंडी जास्त होती म्हणून नरसिंगरावांनी अंगावर जाड वाकळ घेतली होती. सुभद्राबाई परसात कपडे काढत होत्या, त्याच तारेवरचे. ऊन खिडकीतून येऊन वाकळीवर बसलं होतं. कापसाचा एक पुंजका आत आला, रेंगाळला. आज बघायचंच कुठं टेकतो, असं नरसिंगरावांनी ठरवलं, आणि पांढरा फोन वाजला.

त्यांनी रिसीव्हर उचलला.

"बाबा! मुलगी झाली! आत्ता, आत्ताच! आईला द्या लवकर! थांबा, ऐका, ऐका!"

आणि रडणं आलं. बारीक, नवं, कानात बसून रडल्यासारखं.

नरसिंगराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसत नाही. त्यांनी कायद्याप्रमाणं चिमटा घेतला. चांगला कचकचून घेतला. मुळीच दुखलं नाही. (चिमटा वाकळीला बसला होता. पण वाकळ काही बोलली नाही.) म्हणजे स्वप्नच. मागच्या खेपेला नातू, या खेपेला नात. वरच्या कचेरीत कुणीतरी चूक दुरुस्त केलेली दिसते, असं मनात येऊन ते गालातल्या गालात हसले.

"बाबा? आई कुठं हाय?"

"सपनात हाय मी, जावईबापू," नरसिंगराव अदबीनं म्हणाले. "लय गोड वाटून राह्यलं. चालू द्या."

रडणं चालूच होतं. काय सुरेख रडत होती पोर! या खेपेला कुणाला सांगायचं नव्हतं, पेढे आणायचे नव्हते, मुधोळची जिरवायची नव्हती. नुसतं ऐकायचं होतं. नरसिंगरावांनी रिसीव्हर छातीवर घेतला आणि हळूच म्हणाले, "ये बाई, ये. तुह्या भावाचे पेढे वाटून झाले. तुह्या जिलब्यांचं पाहू आपन. घाई नको करू." त्यांना इतकं बरं वाटत होतं की डोळे आपोआप मिटले, आणि थोड्याच वेळात खोलीत त्यांचं घोरणं सुरू झालं.

सुभद्राबाई कपड्यांचा ढीग घेऊन आत आल्या. नवरा झोपलेला, रिसीव्हर वाकळीवर. "आता कोनाले फोन लावला बापा झोपीत? पुन्हा मुधोळ तं नाई?" असं पुटपुटत त्यांनी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवायला नेला. नवऱ्याच्या छातीपासून तो दूर गेला मात्र, आणि त्यातून रडणं फुटलं.

कपडे खाली पडले. सुभद्राबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि त्या कपड्यांच्या ढिगावरच बसल्या. किती वेळ त्यांनी काहीच विचारलं नाही. मुलगा की मुलगी, वजन किती, काही नाही. नुसतं ऐकत राहिल्या. ते पहिलं रडणं होतं की नव्हतं, याची चौकशी त्यांनी पुढंही केली नाही. त्यांनी ते पहिलंच मानलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर असं हसू होतं की जणू शेगडी माळ्यावरून आपली आपण खाली उतरली होती.

"आई," भूषण शेवटी म्हणाला, "मुधोळला अजून सांगितलं नाई हं. पन एक इचारू? बाबांनी मघाशी फोन कुठं ठेवला होता? काहीतरी घरघर ऐकू येऊन राह्यली होती, आन तिच्यावर पोरगी एकदम गप झाली होती. नर्सपन म्हणली, तेच पुन्हा लावा."

सुभद्राबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. मिशीवर कापूस टेकला होता. त्यांनी रिसीव्हर नेऊन त्यांच्या छातीवर ठेवला. हैदराबादेत शांतता पसरली.

फोनचा प्रश्न असा सुटला. ज्यावर घोरणं स्पष्ट जातं, तो फोन चांगला. सुधाकररावांनी स्वतः येऊन पांढऱ्या डबीला बॅटरी बसवून दिली, करेंट गेल्यावर नातीची झोपमोड नको म्हणून. आता मावल्यात सगळ्या गल्लीत अंधार झाला तरी नरसिंगरावांच्या खुर्चीशी ती डबी लुकलुकत असते. सुभद्राबाई हैदराबादला जाऊन, शेक-शेगडी करून, महिन्यानं परत आल्या, तरी रोज दुपारी तिकडून फोन येतोच. "बाबांना झोपवा," असा निरोप असतो. ज्या गुणाबद्दल सरकारनं लेखी समज दिली, त्याच गुणाला घरात एवढा मान मिळालेला बघून नरसिंगराव भरून पावले.

फक्त एक हौस राहिली होती. एके दुपारी ते मुद्दाम जागे राहिले, खाकरले, रिसीव्हरात तोंड घालून लाडानं म्हणाले, "बाळा, मी तुहा आजोबा बोलून राह्यलो..."

पोरीनं जो टाहो फोडला तो चंदाबाईनं ओट्यावरून ऐकला.

"बाबा, बोलू नका ना!" अदिती म्हणाली. "झोपा लवकर."

नरसिंगरावांनी मुकाट्यानं रिसीव्हर छातीवर घेतला, डोळे मिटले. पण त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांना झोप येईना. रडणं वाढत चाललं. सुभद्राबाई डोळे वटारून उभ्या. शेवटी नाइलाज होऊन, पूर्ण शुद्धीवर असताना, त्यांनी बेतशीर घोरायला सुरुवात केली.

पलीकडं क्षणभर शांतता झाली. मग रडणं दुपटीनं सुरू झालं, आणि त्यावरून अदितीचा आवाज आला.

"आई, बाबांना सांग ना नीट झोपायला. खोटं घोरलेलं तिले लगेच कळते."